बँकॉक ते सिंगापूर: अंतर किती, विमानाला वेळ किती आणि घड्याळाचा घोळ कसा टाळायचा

तिकिटावर लिहिलेलं असतं: बँकॉकहून सुटणार सकाळी ९.४०, सिंगापूरला पोहोचणार दुपारी १.०५. वजाबाकी केली की जवळपास साडेतीन तास येतात. परतीच्या तिकिटावर असतं: सिंगापूरहून सुटणार संध्याकाळी ६.३०, बँकॉकला पोहोचणार ७.५५. म्हणजे जेमतेम दीड तास. जाताना साडेतीन आणि येताना दीड, असं कसं? दोन्ही उत्तरं चूक आहेत. विमान जाता-येता सारखाच वेळ घेतं, साधारण २ तास २५ मिनिटं. मधला एक तास घड्याळाचा आहे.

थायलंड आणि सिंगापूर एकाच सहलीत बसवणारी मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत, आणि त्यांतली बरीचशी पहिल्यांदाच परदेशात जात असतात. हा लेख त्यांच्यासाठी. अंतर आणि वेळेपासून सुरुवात करू, कारण पुढची सगळी आखणी त्यावर उभी आहे. मग कागदपत्रं, सामान आणि प्रत्यक्ष निघण्याचा दिवस.

१. आधी अंतर नीट समजून घ्या

बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ आणि सिंगापूरचा चांगी विमानतळ यांच्यात सरळ हवाई अंतर सुमारे १,४१५ किलोमीटर आहे. बँकॉकच्या दुसऱ्या, म्हणजे डॉन मुआंग विमानतळावरून मोजलं तर २५-३० किलोमीटर वाढतात, कारण तो शहराच्या उत्तरेला आहे आणि सिंगापूर दक्षिणेला.

हा आकडा तुम्ही स्वतः कागदावर काढून पाहू शकता. सुवर्णभूमी आहे १३.६९ अंश उत्तर अक्षांशावर, चांगी १.३६ अंशावर. फरक १२.३३ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर झालं जवळपास १,३७० किलोमीटर. रेखांश पाहा: सुवर्णभूमी १००.७५, चांगी १०३.९९. फरक ३.२४ अंश, म्हणजे विषुववृत्ताजवळ सुमारे ३५७ किलोमीटर. आता शाळेतला काटकोन त्रिकोण आठवा. दोन्ही बाजूंचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: १,४१५ च्या आसपास. फार मोठ्या अंतरांना हा हिशेब चालत नाही, कारण पृथ्वी गोल आहे. पण एवढ्या पल्ल्याला तो चोख बसतो.

अंदाजासाठी आपल्याकडची तुलना: मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर, मुंबई-कोलकाता सुमारे १,६६०. बँकॉक-सिंगापूर या दोहोंच्या मधोमध येतं. म्हणजे हा ‘शेजारच्या गावाला’ जाण्याचा प्रवास नाही. नकाशावर आग्नेय आशिया आटोपशीर दिसतो, म्हणून ही चूक फार होते.

दिशाही लक्षात ठेवा. तुम्ही जवळजवळ सरळ दक्षिणेला जाता. साधारण मार्ग थायलंडच्या आखातावरून, मग मलाय द्वीपकल्पावरून आणि त्याच्या पूर्व किनाऱ्याजवळून खाली सिंगापूरला. डावीकडची खिडकी घेतली तर बहुतेक वेळ समुद्र दिसेल, उजवीकडे जमीन आणि किनारा.

२. एवढ्या अंतराला विमान किती वेळ घेतं, आणि का

या मार्गावर जी जेट विमानं धावतात, ती उंचीवर स्थिरावल्यावर ताशी ८३०-८५० किलोमीटरनं जातात. १,४१५ ला ८४० नं भागलं तर १ तास ४१ मिनिटं येतात. मग तिकिटावर २ तास २५ मिनिटं का?

कारण तिकिटावरची वेळ ही गेटपासून गेटपर्यंतची असते, आकाशातली नव्हे. तिची फोड साधारण अशी:

गेटवरून मागे ढकलणं आणि धावपट्टीपर्यंत सरकत जाणं: १५ ते २० मिनिटं. बँकॉकला संध्याकाळी रांग लागली की जास्त.
उड्डाण करून वर चढणं: २० ते २५ मिनिटं, आणि या काळात वेग कमी असतो.
वरचा स्थिर प्रवास: सव्वा तासाच्या आसपास.
उतरणं: २५ ते ३० मिनिटं. चांगीला गर्दी असेल तर घिरट्या वेगळ्या.
धावपट्टीवरून गेटपर्यंत: ८ ते १० मिनिटं.

शिवाय विमान पट्टी लावून आखलेल्या सरळ रेषेत जात नाही. ठरलेल्या हवाई मार्गांनी, थायलंड, मलेशिया आणि सिंगापूर या तिघांच्या नियंत्रकांच्या हाताखालून जातं. त्यात थोडे किलोमीटर वाढतात.

म्हणून आकाशातला खरा वेळ २ तासांच्या आसपास आणि वेळापत्रकातला २ तास २० ते २ तास ३० मिनिटं. विमान कंपनी कुठली, यानं फारसा फरक पडत नाही. स्वस्त कंपनीचं विमान हळू उडतं, असं काही नसतं.

वाऱ्याचं काय? मुंबईहून युरोपला जाताना वेळ जास्त आणि येताना कमी लागतो, तो वरच्या पश्चिमी वाऱ्यामुळे. बँकॉक-सिंगापूर मार्ग उत्तर-दक्षिण आहे आणि उष्ण कटिबंधात आहे. इथे तसा जोराचा वारा सहसा नसतो. त्यामुळे जाता-येता वेळ जवळपास सारखाच.

उशीर होतो तो पावसानं. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात सिंगापूरवर ‘सुमात्रा’ म्हणून ओळखली जाणारी वादळी पावसाची रांग पश्चिमेकडून येते, बहुधा पहाटे ते सकाळी. दुपारच्या गडगडाटी सरी तर तिथे बाराही महिने. बँकॉकला सप्टेंबर-ऑक्टोबर हे जोराच्या पावसाचे महिने. अशा वेळी विमान १५-२० मिनिटं घिरट्या घालतं. तेवढं जादा इंधन आधीच भरलेलं असतं, घाबरायचं कारण नाही. पण पुढची जोडविमानाची वेळ घट्ट ठेवली असेल तर तिथे अडचण होते.

३. घड्याळाचा एक तास: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

बँकॉक भारताच्या दीड तास पुढे. सिंगापूर भारताच्या अडीच तास पुढे. म्हणून सिंगापूर बँकॉकच्या एक तास पुढे. दोन्हीकडे उन्हाळी वेळ वगैरे नाही, वर्षभर हाच फरक.

सरळ दक्षिणेला जाऊनही घड्याळ एक तास सरकतं, हे अनेकांना पटत नाही. रेखांशाच्या हिशेबानं सिंगापूर आणि बँकॉक खरोखरच जवळपास एकाच वेळेचे आहेत. सिंगापूरनं १९८२ च्या सुरुवातीला आपलं घड्याळ मलेशियाबरोबर अर्धा तास पुढे नेलं. त्याआधी फरक अर्ध्या तासाचाच होता. म्हणून सिंगापुरात सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो. पहाटे साडेसहाला बाहेर काळोख दिसला तर घड्याळ बिघडलेलं नाही.

नियम एवढाच पाठ करा: बँकॉकहून सिंगापूरला जाताना तिकिटावरच्या दोन वेळांच्या फरकातून एक तास वजा करा, परत येताना एक तास मिळवा. ९.४० ते १.०५ म्हणजे ३ तास २५ मिनिटं, वजा एक, २ तास २५. संध्याकाळी ६.३० ते ७.५५ म्हणजे १ तास २५, अधिक एक, पुन्हा २ तास २५.

तिकिटावर छापलेली प्रत्येक वेळ त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते. ती कधीही भारतीय वेळ नसते, आणि ती स्वतः बदलून घ्यायचीही नसते.

रात्रीच्या विमानात खरा सापळा असतो. समजा विमान बँकॉकहून १४ तारखेला रात्री १०.५० ला सुटतं. ते सिंगापूरला पोहोचतं १५ तारखेला पहाटे २.१५ ला. तिकिटावर या वेळेशेजारी बारीक अक्षरात ‘+१’ लिहिलेलं असतं आणि तेच डोळ्यांतून सुटतं. याचे परिणाम तीन. सिंगापूरच्या आगमन कार्डावर, म्हणजे देशात शिरण्याआधी ऑनलाइन भरायच्या फॉर्मवर, तारीख १५ भरायची, १४ नव्हे. हॉटेल मात्र १४ तारखेपासून घ्यायचं, नाहीतर पहाटे तीन वाजता जाऊन दुपारच्या चेक-इनपर्यंत लॉबीत बसावं लागतं. आणि त्या वेळी मेट्रो बंद असते, टॅक्सीचे पैसे धरून चालायचे.

आग्नेय आशियातल्या दुसऱ्या जोड्यांनाही हीच पद्धत लावता येते. अंतराला ८०० नं भागा आणि त्यात ३५-४० मिनिटं मिळवा. वेळापत्रकाच्या जवळ जाणारा आकडा मिळतो. सिंगापूर-जकार्ता सुमारे ८८० किलोमीटर, वेळ पावणेदोन तासांच्या आसपास, आणि जकार्ता सिंगापूरच्या एक तास मागे. सिंगापूर-बाली सुमारे १,६७५ किलोमीटर, अडीच ते पावणेतीन तास, पण तिथे घड्याळ बदलत नाही. एकाच इंडोनेशियात जकार्ताची वेळ वेगळी आणि बालीची वेगळी, हे ध्यानात ठेवा. क्वालालंपूर-सिंगापूर हवाई अंतर जेमतेम ३०० किलोमीटर. तिथे मात्र विमान पुरतं वर चढतं न चढतं तोच उतरायला लागतं. यांगून बँकॉकच्या अर्धा तास मागे.

४. तिकीट काढताना बँकॉकचा विमानतळ कोणता, ते आधी पाहा

बँकॉकला दोन विमानतळ आहेत. सुवर्णभूमीचा कोड बीकेके, डॉन मुआंगचा डीएमके. सुवर्णभूमी शहराच्या पूर्वेला, २००६ साली सुरू झालेला मोठा विमानतळ. डॉन मुआंग उत्तरेला, जुना. आता तिथून मुख्यतः स्वस्त कंपन्यांची विमानं सुटतात. थाई एअरएशिया आणि थाई लायन एअर यांचं मुख्य ठाणं डॉन मुआंग. सिंगापूर एअरलाइन्स, थाई एअरवेज आणि स्कूट सुवर्णभूमीवरून. तिकिटं शोधायच्या संकेतस्थळांवर नुसतं ‘बँकॉक’ लिहिलं की दोन्ही विमानतळांची विमानं एकत्र दिसतात, आणि स्वस्तातलं पटकन निवडलं जातं.

दोन विमानतळांमध्ये रस्त्यानं साधारण ४५-५० किलोमीटर आहे. संध्याकाळच्या वाहतुकीत दीड-दोन तास सहज जातात. पुढचं तिकीट दाखवणाऱ्या प्रवाशांसाठी दोहोंच्यामध्ये मोफत बस आहे, पण तीही त्याच रस्त्यानं जाते. तेव्हा मुंबईहून सुवर्णभूमीला उतरून त्याच दिवशी डॉन मुआंगहून सिंगापूर, असा बेत आखू नका.

एक उच्चाराची गोष्ट. नाव आपल्या ‘सुवर्णभूमी’चंच आहे, पण थाई लोक ते ‘सुवन्नफूम’ असं म्हणतात. टॅक्सीवाल्याला आपल्या उच्चारात सांगितलं तर तो गोंधळतो. फोनवर थाई लिपीतलं नाव दाखवा.

वेगवेगळ्या दोन तिकिटांवर जोडप्रवास करणार असाल, म्हणजे मुंबई-बँकॉक एका कंपनीचं आणि बँकॉक-सिंगापूर दुसऱ्या कंपनीचं, तर सामान आपोआप पुढे जात नाही. बँकॉकला इमिग्रेशन ओलांडून सामान घ्यायचं, बाहेर यायचं, पुन्हा चेक-इन करायचं. म्हणजे थायलंडमध्ये प्रवेशाची सगळी कागदपत्रं लागतात, जरी तुम्ही शहरात पाऊलही टाकणार नसलात तरी. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं, तर दुसऱ्या कंपनीची काही जबाबदारी नसते. अशा जोडीत कमीत कमी पाच तास ठेवा. एक रात्र मध्ये घेता आली तर उत्तमच.

५. कागदपत्रं: भारतीय पासपोर्टवर काय काय लागतं

ही यादी निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी हातात घ्या:

• पासपोर्ट, सिंगापूरला पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध
• सिंगापूरचा व्हिसा, छापील प्रत
• सिंगापूरचं आगमन कार्ड भरल्याची पोच
• थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड भरल्याची पोच
• परतीचं किंवा पुढचं तिकीट
• दोन्ही शहरांतल्या हॉटेलची बुकिंग
• पैशांचा पुरावा: रोख किंवा कार्डासोबत बँकेचं विवरणपत्र
• औषधं नेत असाल तर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी
• प्रवास विमा

सिंगापूरचा व्हिसा भारतीयांना आधी काढावाच लागतो. तिथे उतरल्यावर मिळत नाही. अर्ज अधिकृत एजंटांमार्फत जातो. फॉर्म १४ए, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ३५ बाय ४५ मिलिमीटरचा अलीकडचा फोटो, पासपोर्टच्या प्रती, तिकीट आणि हॉटेलचे तपशील लागतात. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर, ते परत मिळत नाही, एजंटाचं वेगळं. व्हिसा पासपोर्टावर चिकटवला जात नाही, तो इलेक्ट्रॉनिक असतो. म्हणूनच छापील प्रत सोबत ठेवा, कारण बँकॉकच्या चेक-इन काउंटरवर तो दाखवल्याशिवाय बोर्डिंग पास मिळणार नाही. प्रत हातात आली की नाव, पासपोर्ट क्रमांक, वैधता आणि किती वेळा प्रवेश करता येईल, या चार गोष्टी अक्षर-अक्षर ताडून पाहा. मराठी नावांत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये येतं, आणि तिकिटावर ते गळालेलं असतं. तिकीट, व्हिसा आणि पासपोर्ट तिन्हींवर नाव सारखं असू द्या.

सिंगापूरचं आगमन कार्ड हा व्हिसा नव्हे. हे ठासून सांगतो, कारण ते भरलं की ई-मेलवर पोच येते आणि काम झालं असं वाटतं. पोहोचण्याचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत ते भरायचं असतं. १५ तारखेला उतरणार असाल तर १३ पासून. लहान मुलांचंही वेगळं कार्ड लागतं, कुटुंबाचं एकत्र भरता येतं.

थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे. पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून भरता येतं. पूर्वी विमानात वाटायचे तो कागदी फॉर्म आता नाही.

दोन्ही कार्डं पूर्णपणे मोफत आहेत. शोधायला गेलं की वरच्या ओळींत पैसे मागणारी, सरकारी वाटणारी संकेतस्थळं येतात. पत्त्याचा शेवट पाहा: सिंगापूरचा सरकारी पत्ता ‘डॉट गव्ह डॉट एसजी’नं (.gov.sg) संपतो, थायलंडचा ‘डॉट जीओ डॉट टीएच’नं (.go.th). तसा नसेल तर ते पान बंद करा.

थायलंडनं १५ जुलै २०२४ पासून भारतीय पर्यटकांना ६० दिवस विनाव्हिसा राहायची सोय दिली. अशा सवलती सरकारं बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याच्या आठवड्यात थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या. अधिकारी विचारू शकतात ती रक्कम माणशी २०,००० बाट, कुटुंबाला ४०,००० बाट. दरवेळी विचारतात असं नाही, पण विचारलं तर दाखवता आली पाहिजे.

६. सामानात काय नको

बँकॉकमध्ये जे दुकानात उघड दिसतं, ते सिंगापूरला चालेलच असं नाही. सगळ्यात गंभीर गोष्ट गांजा. थायलंडनं २०२२ मध्ये तो अमली पदार्थांच्या यादीतून काढला, नंतर २०२५ मध्ये पुन्हा निर्बंध आणले. पण गांजा घातलेली बिस्किटं, चॉकलेटं, तेलं, सरबतं डोळ्यांसमोर येतात. सिंगापुरात अमली पदार्थांच्या तस्करीला फाशीपर्यंतची शिक्षा आहे. हिरव्या पानाचं चित्र असलेली कुठलीही वस्तू भेट म्हणूनही बॅगेत टाकू नका, आणि दुसऱ्या कोणाचं पाकीट ‘तेवढं नेऊन द्या’ म्हणून घेऊ नका.

व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, दोन्ही देशांत बंदी. चघळायची तंबाखू, गुटखा, खैनी सिंगापुरात बंदी. खिशात विसरलेली पुडीसुद्धा मुंबईतच काढून ठेवा. च्युइंगगम नेऊ नका. सिगारेटींना शुल्कमाफी अजिबात नाही: एक पाकीट असलं तरी विमानतळावरच्या सीमाशुल्क तपासणीच्या लाल मार्गिकेत जाऊन सांगायचं आणि शुल्क भरायचं. शुल्कमुक्त दारू न्यायची तर सिंगापूरच्या बाहेर किमान ४८ तास राहिलेलं असावं लागतं. मांसाचे पदार्थ बँकॉकहून नेऊ नका.

औषधांत झोपेच्या गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांना सिंगापूरची आधी परवानगी लागू शकते. रक्तदाब, मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह ठेवा.

पॉवरबँक हातातल्या बॅगेतच, चेक-इन सामानात कधीच नाही. १०० वॉट-तासांपर्यंत चालतो, म्हणजे साधारण २७,००० मिलिअँपिअर-तास. क्षमता वर छापलेली हवी, पुसलेली असेल तर काढून घेतात. २०२५ पासून या मार्गावरच्या अनेक कंपन्यांनी विमानात तो वापरायलाही मनाई केली आहे.

वजनाचं: स्वस्त कंपन्यांत हातातलं सामान बहुधा ७ किंवा १० किलो, आणि चेक-इन सामान तिकिटात धरलेलं नसतं. ते तिकिटाबरोबरच ऑनलाइन विकत घ्या. काउंटरवर घेतलं तर कितीतरी महाग पडतं. मुंबई-बँकॉकच्या विमानात जास्त वजनाची सवलत होती, म्हणून पुढेही असेल असं धरू नका. नेमकं इथेच बँकॉकची खरेदी भारी पडते.

७. निघण्याचा दिवस: अडीच तासांच्या विमानाला साडेसात तास

समजा तुम्ही सुखुमवित भागात राहता आणि विमान सुवर्णभूमीवरून सकाळी १०.३० ला आहे.

७.०० ला हॉटेल सोडा. सकाळी टॅक्सीला ४५ मिनिटं ते तास. मीटर लावायला सांगा. द्रुतगती रस्त्याचा टोल आपण भरायचा असतो. सामान बेताचं असेल तर फया थाई किंवा मक्कासान स्थानकावरून विमानतळ रेल्वे घ्या: फया थाईहून जवळपास अर्धा तास, भाडं कमाल ४५ बाट, आणि वाहतूक कोंडीची भीती नाही.
८.०० ला विमानतळावर. स्वस्त कंपन्यांचं काउंटर सहसा सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतं. एक मिनिट उशीर झाला तरी उघडत नाहीत.
९.१५ पर्यंत सुरक्षा तपासणी आणि इमिग्रेशन आटोपलेलं असावं.
बोर्डिंग पासवर गेट ‘एस’नं सुरू होणारं असेल, तर ते २०२३ मध्ये सुरू झालेल्या वेगळ्या इमारतीत आहे. तिथे विनाचालक गाडीनं जावं लागतं. २० मिनिटं जास्त धरा.
१०.१० च्या सुमारास गेट बंद.
दुपारी १.५५ ला, सिंगापूरच्या घड्याळानं, चांगीला.
२.४० पर्यंत इमिग्रेशन आणि सामान.
३.३० ला हॉटेल.

बँकॉकच्या घड्याळात हे झाले साडेसात तास, आणि मनगटावर मात्र साडेआठ दिसतात. म्हणून त्या दिवशी सिंगापुरात दुपारची कुठलीही वेळ ठरलेली तिकिटं काढू नका. संध्याकाळची चालतील.

डॉन मुआंगहून निघणार असाल तर शहरातल्या क्रुंग थेप अफिवत स्थानकावरून गडद लाल मार्गिकेची लोकल थेट विमानतळापाशी जाते.

१३ ते १५ एप्रिलला थाई नववर्ष, सोंगक्रान असतं. तेव्हा आणि चिनी नववर्षाला या सगळ्या वेळांत एक तास मिळवा.

८. चांगीला उतरल्यावर

फोनची वेळ आपोआप बदलते, मनगटी घड्याळ हातानं एक तास पुढे करा. इमिग्रेशनला स्वयंचलित दरवाजे आहेत. पासपोर्ट ठेवायचा, चेहरा आणि बोटं दाखवायची. शिक्का मिळत नाही. किती दिवस राहायची परवानगी मिळाली, ते ई-मेलवर येतं, म्हणून आगमन कार्डात स्वतःचा चालू ई-मेल भरा, एजंटाचा नको. ती तारीख वाचा. व्हिसाची वैधता आणि राहायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मेट्रो स्थानक टर्मिनल २ आणि ३ च्यामध्ये आहे. एअरएशियाचं विमान टर्मिनल ४ ला लागतं; ते इतरांपासून सुटं आहे, तिथून मोफत बसनं यावं लागतं. मेट्रोनं शहराच्या मध्यभागी जायला पाऊण तास पुरे. स्पर्श-पेमेंटचं आंतरराष्ट्रीय कार्ड थेट दारावर टेकवता येतं, मात्र माणशी एक कार्ड लागतं, आणि परदेशी व्यवहार बँकेत आधी चालू करून ठेवलेले हवेत. गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास थांबतात.

९. विमान नको असेल तर

जमिनीवरून अंतर वाढून साधारण १,८५० किलोमीटर होतं. बँकॉकहून दुपारी सुटणारी शयनयान गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी मलेशियाच्या सीमेवर पदांग बसारला पोहोचते. तिथे दोन्ही देशांचं इमिग्रेशन एकाच स्थानकात होतं. पुढे विजेवरची गाडी क्वालालंपूरला, तिथून रेल्वे किंवा बसनं जोहोर बारू, आणि शेवटी पाच मिनिटांची शटल गाडी पूल ओलांडून सिंगापूरच्या वुडलँड्सला. धावतपळत केलं तर दीड-दोन दिवस, रमतगमत चार. शटलची तिकिटं लवकर संपतात. मलेशियाचं आगमन कार्ड वेगळं भरावं लागतं, आणि घड्याळ सिंगापूरला नव्हे, मलेशियात शिरतानाच एक तास पुढे जातं. वेळ असेल आणि रेल्वेची आवड असेल तर हा प्रवास जरूर करा. लहान मुलं आणि चार बॅगा असतील तर विमानच घ्या.

१०. परत बँकॉकवरून मुंबई गाठणार असाल तर

सिंगापूरहून बँकॉकला परत येऊन थायलंडमध्ये पुन्हा शिरणार असाल, तर थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड पुन्हा नव्यानं भरावं लागतं. पहिल्या प्रवेशाचं चालत नाही. हे सिंगापुरात असतानाच, निघण्याच्या आदल्या दिवशी करा.

चांगीच्या टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये सुरक्षा तपासणी थेट गेटवर होते. इमिग्रेशन ओलांडून घेतलेली पाण्याची बाटलीसुद्धा गेटवर टाकून द्यावी लागते. बाटली रिकामी करून न्या. आत बसल्यावर स्वच्छतागृहासाठी बाहेर आलात तर पुन्हा तपासणी, म्हणून मुलांना आधीच जाऊन यायला सांगा. टर्मिनल ४ ला तपासणी सुरुवातीलाच, एकत्र होते.

या बाजूनं घड्याळ एक तास परत देतं. संध्याकाळी ६.३० चं विमान ७.५५ ला उतरतं, आणि सुवर्णभूमीची शहरात जाणारी रेल्वे मध्यरात्रीपर्यंत मिळते.